पोर्तेन्या : एका दंतकथेचे परीक्षण

परीक्षण करावयाचे तर कथा छापलेलीच असली पाहिजे असे थोडेच आहे? काही कथा छापखान्याचे तोंड न पाहताच पिढ्यान् पिढ्या खपतात. अशीच एक कथा दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिनात, ब्युनॉस आयर्स शहरी, तेथल्या पहिल्या आगगाडीच्या इंजिनाविषयी सांगितली जाते. तीत हिंदुस्थानचे नाव येते. तेव्हा दिवाळीच्या फराळाशी ती घेऊन बसायला हरकत नाही.

कथा अशी. इंग्लंडात लीड्सच्या कारखान्यात हिंदुस्थानासाठी एक इंजिन तयार झाले. ते इकडे निघणार तोच क्रिमियाचे युद्ध पेटले आणि त्याची रवानगी सेबॅस्टोपोलच्या वेढ्याकडे झाली. तेथे त्याने दारूगोळा वाहिला. युद्ध संपल्यावर बेवारशी झालेले हे इंजिन ब्युनॉस आयर्सच्या पदरी पडले; आणि त्याची चाके हिंदुस्थानच्या रुंद मापाची, म्हणून अर्जेंटिनाने आपले रूळही तेवढेच रुंद टाकले.

कथा म्हणून हिची बांधणी झकास आहे, हे आधी कबूल केले पाहिजे. युद्ध आहे, वनवास आहे, शेवटी परक्या बंदरात मिळालेला आसरा आहे. इंजिनाचे नावही बाईचे : ‘ला पोर्तेन्या’, म्हणजे बंदरच्या गावची, ब्युनॉस आयर्सकरीण! आपल्याकडच्या वाचकाला तर ती अधिकच जवळची वाटेल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला गेलेली आपली गाडी ५ फूट ६ इंचांच्या रुळांवरून धावली; पोर्तेन्याचे मापही नेमके तेच. मग ही आपली दूरदेशी दिलेली बहीणच की काय, असे वाटून क्षणभर गळा दाटून येतो.

पण गळा दाटला की हातातली मोजपट्टी सुटते, त्याचे काय? क्रिमियात बालाक्लाव्हा बंदरापासून वेढ्याच्या दिशेने इंग्रजांनी १८५५ साली जी रेल्वे घातली, तिचे रूळ ४ फूट साडेआठ इंचांचे होते. पोर्तेन्या त्याहून साडेनऊ इंचांनी रुंद. तिने त्या रुळांवर दारूगोळा वाहावा तरी कसा? कथेचा मधला अंकच असा कोसळतो, आणि तो गेला की बेवारशी इंजिनही उरत नाही.

मग हे रुंद माप आले कोठून? ब्राझीलची पहिली रेल्वे ३० एप्रिल १८५४ रोजी सुरू झाली, तीही ५ फूट ६ इंचांचीच. तिच्या उभारणीत विल्यम ब्रॅग नावाचा इंग्रज इंजिनियर होता, आणि पुढे तोच ब्युनॉस आयर्सला आला. माझ्या मते मापाचा माग सेबॅस्टोपोलला न काढता या गृहस्थाच्या सामानात काढावा. (गृहस्थ मोठा षोकी. ‘डॉन किहोटे’चा कर्ता सर्व्हांटिस याच्या ग्रंथांचा त्याने अफाट संग्रह केला आणि तो बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयाला दिला, १८७९ च्या आगीत तो भस्मसात झाला. दंतकथाकारांना नायकच हवा होता, तर हा काय वाईट होता?)

परंतु माझी खरी तक्रार मापाविषयी नाही. ही कथा एका शहराचे कर्तृत्व हिरावून घेते. तिच्यात ब्युनॉस आयर्स काहीच करीत नाही. दारी आलेले उष्टे ताट तेवढे ते स्वीकारते. प्रत्यक्षात ही रेल्वे काढली ती तेथल्याच व्यापाऱ्यांनी व नागरिकांनी, प्रांतिक सरकारच्या पाठबळाने. १८५६ च्या नाताळात इंजिन बोटीतून उतरले, आणि स्टेशनपर्यंत त्याला ओढून नेले ते बैलांनी! या एका दृश्यावरून मी सबंध सेबॅस्टोपोल ओवाळून टाकीन. २९ ऑगस्ट १८५७ रोजी गाडी सुरू झाली. वाट अवघी १० किलोमीटरांची, शहरातून ला फ्लोरेस्तापर्यंत. जेथून ती सुटली, तेथे आज कोलोन हे नाट्यगृह उभे आहे. उद्घाटनापूर्वीच्या चाचणीत गाडी रुळांवरून घसरली आणि लोक बिचकतील म्हणून संचालकांनी आपसांत मौन पाळायचे ठरविले, असेही सांगतात. माणसांची धडधडणारी छाती ऐकू येते ती येथे.

पुढे ही रेल्वे प्रांताच्या मालकीची झाली, आणि १८९० साली ती एका ब्रिटिश कंपनीला विकण्यात आली. राउल स्कालाब्रिनी ओर्तिस यांनी १९४० साली अर्जेंटिनाच्या रेल्वेचा इतिहास लिहून परकीय भांडवलाचा हिशेब मागितला, तो याच जखमेपोटी. १९४८ साली रेल्वे पुन्हा देशाच्या झाल्या. आपले घर आपण बांधले की दुसऱ्याने टाकलेल्या विटांनी ते आपोआप उभे राहिले, हा प्रश्न त्या देशात निव्वळ करमणुकीचा कधीच नव्हता. म्हणून बक्षिसासारखी भासणारी ही दंतकथा मला खुपते.

पोर्तेन्या आज ब्युनॉस आयर्सजवळ लुहान येथील संग्रहालयात आहे. इवलेसे चारचाकी इंजिन, पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली. ज्याला अजून क्रिमियाचा मोह सुटत नसेल, त्याने तेथे जाताना खिशात एक टेप ठेवावी.