शाळेची भिंत आणि अहिंसेचे चित्र

शाळेच्या भिंतीवर विद्यार्थ्यांकडून अहिंसेचे चित्र काढून घ्यायचे ठरले की काय निघते, हे चित्र न पाहताही सांगता येते. चोचीत हिरवी डहाळी धरलेले पांढरे कबूतर, एकमेकांत गुंतलेले चार हात, गांधीजींचा चष्मा आणि काठी, कडेने वारली आकृत्यांची पट्टी. (ही पट्टी आता कुठेही चालते. वारल्यांनी १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध दिलेला लढा मात्र तिच्याबरोबर भिंतीवर येत नाही.) या चित्रात एकच गोष्ट नसते, ती म्हणजे हिंसा. कोणी केली, कोणावर केली, कशासाठी केली, याचा मागमूस नसतो. जिला नकार द्यायचा तीच भिंतीवर नाही. मग अहिंसा हा नुसता स्वभावगुण उरतो आणि चित्र म्हणजे ‘गप्प बसा’ या मास्तरी हुकमाचे रंगीत रूप.

शिरूर तालुक्यातील रांजणगाव डोळ्यांपुढे ठेवून मी हे लिहितो आहे. महागणपतीचे देवस्थान आणि औद्योगिक वसाहत यांमुळे हे गाव सर्वांना ठाऊक आहे. पण पुणे–नगर रस्त्यावर, याच तालुक्यात, कोरेगाव भीमा व सणसवाडी आहेत. २०१७ च्या डिसेंबरअखेरीस वढू बुद्रुक येथे गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळच्या फलकावरून तंटा झाला. १ जानेवारी २०१८ रोजी जयस्तंभाला अभिवादन करण्यास निघालेल्या लोकांवर दगड पडले, गाड्या व दुकाने जळाली, एका तरुणाचा जीव गेला. फलकावर कोणाचे नाव असावे, हाच जेथे वादाचा विषय झाला, तेथे भिंतीवर काय रंगवायचे हा प्रश्न केवळ चित्रकलेच्या तासाचा राहत नाही. त्या दिवशी पाच-सहा वर्षांची असलेली मुले आज हायस्कुलात आहेत. त्यांना कबूतर द्यायचे?

मराठीत शाळेच्या भिंतीचे सर्वांत प्रामाणिक चित्रण चित्रकाराने नव्हे, दिग्दर्शकाने केले आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त जब्याचे कैकाडी कुटुंब डुक्कर बांबूला टांगून शाळेच्या भिंतीवरून जाते. भिंतीवर आंबेडकर आहेत, सावित्रीबाई आहेत, शाहू आहेत, गाडगेबाबा आहेत. चेहरे नीट रंगवलेले आहेत आणि त्यांच्या पुढून हा अपमान चालला आहे. मंजुळे त्यावर एक शब्दही खर्चत नाहीत. महापुरुषांना भिंतीवर चढवले की त्यांच्या विचारांतून सुटका होते, हे त्या एका दृश्यात जेवढे कळते तेवढे आमच्या अनेक परिसंवादांत कळलेले नाही. चित्रपट फेब्रुवारी २०१४ मध्ये लागला. त्याच वर्षी २८ एप्रिलला नगर जिल्ह्यातील खर्डा येथे एका दलित विद्यार्थ्याला मारहाण करीत शाळेच्या आवारातून नेण्यात आले व त्याचा खून झाला. २०१७ च्या नोव्हेंबरात सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. अनेक साक्षीदार फितूर झाले होते.

यावर उत्तर येते की लहान मुलांपुढे हिंसा मांडू नये. कोणत्या लहान मुलांपुढे? ज्याच्या घरच्यांनी मार खाल्ला, त्याला ती आधीच ठाऊक आहे. जपायचे असते ते दुसऱ्यांच्या मुलांना, आणि त्याहूनही अधिक त्यांच्या वडीलधाऱ्यांना. पिकासोने १९३७ साली ‘गेर्निका’ रंगवले, त्यात मेलेले मूल घेऊन आक्रोश करणारी आई आहे. ते चित्र शांततेचे नाही, असे कोणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

आमच्याकडे अहिंसेचे चित्र नाही असेही नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर परिषदेला आलेल्यांवर हल्ला झाला. जमलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले लोक होते, संतापलेले तरुण होते. प्रतिकाराची ताकद होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. ही दुबळ्याची सहनशीलता नव्हती. पुढे ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला व अहिंसेला आंधळा नियम न मानता तत्त्व मानले. महाडला ते तत्त्व आधीच उभे होते, जखमी माणसांसह. तरी शाळांच्या भिंतींवर महाड आलेच तर ओंजळीतल्या पाण्यापाशी थांबते. त्यानंतरच्या लाठ्या गाळल्या जातात, आणि लाठ्या गाळल्या की आवरलेले हातही गळतात.

मला रंगवून हवी आहे ती ही दुसरी घटका. डावीकडे तळ्याच्या पायऱ्या, उजवीकडे लाठ्या घेतलेले लोक, त्यांचे चेहरे राक्षसाचे नकोत, रोजच्या ओळखीतले हवेत. मधे आवळलेल्या मुठी, वर न उठलेल्या. ब्रश कोणाच्या हाती द्यायचा हेही ठरवावे लागेल; आजवर तो ‘हात चांगला’ असलेल्या मुलाला मिळाला, रंगाचे डबे धुण्याचे काम कोणाला मिळाले ते विचारू नये. रांजणगावच्या एखाद्या भिंतीवर असे चित्र काढायला घेतले, तर पहिली हरकत कोण घेईल आणि कोणत्या शब्दांत घेईल, ते मला ऐकायचे आहे.