खिशातले पुस्तक

कादंबऱ्या लिहिणाऱ्या, पेणच्या एका शाळेत मराठी शिकवणाऱ्या आणि शिक्षणाने जेमतेम मॅट्रिक असलेल्या माणसाने वैद्यकाच्या पुस्तकांवर अभिप्राय द्यावा, हा आगाऊपणा आहे खरा. पण त्याचा दोष माझ्या मामेबहिणीकडे जातो. ती डॉक्टर. रोह्याकडच्या एका रुग्णालयात अपघात विभागात रात्रपाळ्या करते. गेल्या दसऱ्याला घरी आली ती तीन पुस्तके माझ्यापुढे ठेवीत म्हणाली, "दादा, यंदा भाऊबीजेला साडी नको. एप्रनच्या खिशात मावेल असे पुस्तक दे. ही उसनी आणली आहेत. तू वाच आणि यातले एक निवड."

"अगं, मला यातले काय कळणार?"

"औषधांचे मी पाहीन. घाईत उघडले तर कोणते पुस्तक बोलते, तेवढे तू सांग."

इतका नेमका प्रश्न मला आजवर एकाही संपादकाने विचारलेला नाही. सहामाहीचे पेपर बाजूला ठेवून मी पंधरा दिवस ती पुस्तके वाचली. इंग्रजी कोश उशाशी होताच.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी, की अशा पुस्तकाचा जीव अनुक्रमणिकेत आणि शेवटच्या सूचीत असतो. रोगी आपल्या रोगाचे नाव सांगत दारात येत नाही. तो "छातीत दुखते" म्हणतो, किंवा काहीच म्हणत नाही. त्याला आणणारी माणसेच सगळी एकदम बोलतात. तीनांपैकी एका अमेरिकन पुस्तकाची सारी रचना रोगांच्या नावांवर होती. मोठे विद्वान पुस्तक! पण त्यात काही सापडायचे, तर रोग आधीच ओळखलेला हवा. आपल्याकडच्या लेखकांचे दुसरे पुस्तक तक्रारीपासून सुरू होत होते, हे मला आवडले. मात्र त्याचे वाक्य आमच्या शाळाखात्याच्या परिपत्रकासारखे. दर दोन ओळींनी 'विचार करावा'. रात्री दोन वाजता समोर माणूस निळा पडत असताना विचार किती करावा, हे कोणी सांगावे? तिसरे 'ऑक्सफर्ड हँडबुक ऑफ इमर्जन्सी मेडिसिन'. याचे गद्य मात्र खरोखर चांगले आहे. दम्याच्या झटक्याचे पान मी घड्याळ लावून वाचले. क्रियापद आधी, कारण मागून. विशेषणे जवळजवळ नाहीतच. आमच्या नवकथाकारांनी ते पान एकदा तरी वाचावे.

इथेच मी थांबलो असतो. पण पुस्तक रोह्याला जायचे होते. तिथल्या दारात काय येते? महामार्गावरचे अपघात, धाटावच्या कारखान्यांतून गुदमरून आलेला एखादा कामगार, कीटकनाशक प्यालेली माणसे, आणि भातकापणी लागली की साप-विंचू. दिवाळी आणि कापणी आमच्याकडे एकदमच येतात. म्हणून मी ऑक्सफर्डचे सर्पदंशाचे पान उघडले. ते विलायतेत लिहिलेले. तिथे रानात विषारी साप एकाच जातीचा, अॅडर. त्याचे लेखकांना अगत्य असणार, यात गैर ते काय? पण आमच्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे आहेत. मण्यार जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते. पुष्कळदा दंश दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठत नाही. कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यावे, वीस मिनिटे हलवू नये, मग नळी कलती करून पाहावी. एवढी ती परीक्षा. तिला ना वीज लागते, ना यंत्र. रोह्याच्या खिशात आधी हे हवे.

आता विंचू. इथे माझा तटस्थपणा सुटतो, हे आधीच कबूल करतो. 1989 च्या कापणीत माझ्या काकांना तांबड्या विंचवाने नांगी मारली. मी नऊ वर्षांचा होतो. घाम, ओकाऱ्या, बर्फासारखे हातपाय. ज्या डॉक्टरांकडे नेले, त्यांनी माझ्यादेखत कपाटातला जाड ग्रंथ काढला, पाने उलटली, आणि दुखण्यावरचे इंजेक्शन दिले. ग्रंथात तेवढेच असावे. पहाटे काकांचा श्वास घुरघुरू लागला आणि ते गेले.

पुढे कितीतरी वर्षांनी मला कळले, की त्याचे उत्तर आमच्याच जिल्ह्यात, महाडला, तेव्हा तयार होते. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. विंचू चावलेल्यांच्या उशाशी रात्र रात्र बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, घाम यांच्या नोंदी केल्या. हे विष हृदयावर जाते आणि त्याचे इशारे आधी मिळतात, हे त्यांनी 1982 साली 'लॅन्सेट'मध्ये मांडले. रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी त्यावर चालते, हे 1986 साली. पूर्वी त्या लक्षणांचे शंभरात तीस-चाळीस दगावत. पुढे ते प्रमाण एक-दोनवर आले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांनी पुस्तक उघडले होते; पुस्तक मुके होते.

अमेरिकन पुस्तकातला विंचू अॅरिझोनाचा निघाला. त्याचे विष मुख्यतः मज्जातंतूंवर जाते. डोळे गरगर फिरतात, अंगाला झटके येतात. ते वाचून रोह्याचा रोगी तपासणारी डॉक्टर भलतीच लक्षणे शोधीत बसेल.

मग निवडले कोणते? ऑक्सफर्डच. आपल्याकडच्या पुस्तकात विंचू होता, बरोबर होता, पण तो शोधायला मला चार मिनिटे लागली. चांगले लिहिलेल्या पुस्तकात उणे असलेले पान घालता येते. वाईट लिहिलेले पुस्तक कसे दुरुस्त करणार? नवी प्रत मागवली आणि पेणच्या बाइंडरकडून शेवटी आठ कोरी पाने बसवून घेतली. गणपतीच्या पावतीपुस्तकांची पुठ्ठाबांधणी करणारा तो माणूस, म्हणाला, "मास्तर, छापील पुस्तकाला कोरी पानं कशाला?"

भाऊबीजेला दिव्याहून येणाऱ्या गाडीने रोह्याला गेलो. ओवाळून झाल्यावर पुस्तक तिच्या हाती दिले. तिने आधी सूची चाळली, विंचवापाशी बोट ठेवून ते पान वाचले, मग शेवटची कोरी पाने उघडली.

"दादा, पेन दे," ती म्हणाली, "तुझे लाल नको."