एक स्त्री, अनेक वेष

स्त्रीच्या नाना भूमिकांचा गौरव करणारी चित्रे हल्ली सर्वत्र दिसतात. एका हाती पळी, दुसऱ्या हाती लेखणी, तिसऱ्या हाती तान्हे मूल अशी बहुभुजा गृहिणी महिलादिनाच्या भित्तिपत्रकांवर हमखास भेटते. या गौरवात एक मेख आहे. हात वाढवून दिले की भार हलका करण्याची जबाबदारी उरत नाही! म्हणून गौरवाआधी, या भूमिका नेमून दिल्या कोणी, असा प्रश्न करणारी कलाकृती अधिक मोलाची ठरते. अशी एक कृती, आपण नोकरीनिमित्त ज्या नगरीत येऊन राहिलो, त्या बंगळूरातच निर्माण झाली आहे.

१९५६ साली बंगळूरात जन्मलेल्या पुष्पमाला एन. यांचे शिक्षण बडोद्यास शिल्पकलेचे झाले. २००० ते २००४ या काळात छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्या सहकार्याने त्यांनी ‘दक्षिण भारतातील एतद्देशीय स्त्रिया : रीतिरिवाज’ अशा आशयाच्या नावाची छायाचित्रमाला सिद्ध केली. हे शीर्षक मुद्दाम जुन्या साहेबी ग्रंथांच्या थाटाचे आहे. लोकांच्या परिचयाच्या प्रतिमा उचलायच्या, त्यांचे पडदे रंगवून नेपथ्य उभारायचे आणि मधल्या स्त्रीच्या जागी स्वतः उभे राहायचे, ही त्यांची पद्धती. रविवर्म्याची लक्ष्मी, त्याचीच चांदण्यातील स्त्री, विजापूरच्या लघुचित्रातील योगिनी, पोलिसांनी पकडलेल्या स्त्रियांचे वृत्तपत्री छायाचित्र, चित्रपटातील नायिका, असा हा नाना परींचा मेळा आहे.

मराठी प्रेक्षक लक्ष्मीपाशी क्षणभर थबकल्यावाचून राहणार नाही. १८९४ साली मुंबईस घाटकोपरात सुरू झालेल्या रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेल्या देवदेवतांच्या तसबिरी आपल्या देवघरांत पोहोचल्या, आणि देवीचे रूप असेच असावयाचे, हे आपल्या मनावर पिढ्यान्‌पिढ्या ठसले. पुष्पमालांची लक्ष्मी हुबेहूब तशीच आहे. फक्त तिचा चेहरा एका चालत्याबोलत्या बाईचा आहे. तेवढ्यानेच ती प्रतिमा नेसवलेली, सजवलेली, उभी केलेली आहे, याची जाणीव होते.

वेषांतराची ही कला आपणांस नवी नाही. बालगंधर्वांनी (१८८८-१९६७) रंगभूमीवर आदर्श स्त्री उभी केली, आणि घरंदाज स्त्रियांनी तिच्या नेसण्या-नटण्याचा कित्ता गिरवला. जपानमध्ये ओसाकाचे यासुमासा मोरिमुरा यांनी १९८८ साली माने या फ्रेंच चित्रकाराच्या ‘ऑलिंपिया’ची जागा स्वतः घेतली. तेथे पुरुष स्त्री होतो. येथे स्त्रीच ‘स्त्री’ची भूमिका वठवते, आणि म्हणून प्रश्न अधिक जवळचा होतो.

या मालेतील मानववंशशास्त्रीय विभाग आपल्या वाचकांनी विशेष लक्ष देऊन पाहावा. चौकटींच्या पडद्यासमोर तोडा स्त्री उभी आहे. हा पडदा देहाची मापे घेण्यासाठी असे. १८६८ ते १८७५ या काळात ‘पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले, त्या राजवटीची ही नजर. माणसाला रकान्यात बसविणे हे ज्यांचे रोजचे काम आहे, त्यांना या चित्रातील विनोद किंचित बोचेल. तो बोचावा, हेच योग्य. रकाना भरला म्हणजे माणूस कळला, असे होत नाही.

एक शंका मात्र राहते. चित्रकर्त्री वेष घालते तसा उतरवूही शकते; पोलिसांपुढे उभ्या केलेल्या बाईला अथवा मापे देणाऱ्या तोडा स्त्रीला ती मुभा नव्हती. त्यांचे दुःख येथे खेळात विरते की काय, असे वाटून जाते. परंतु या मालेच्या अखेरच्या विभागात रंगभूषा, पडदे, मदतनीस, सारी जुळवाजुळव उघडपणे मांडलेली आहे. आपली लबाडी न लपविणारी ही कला आहे. ज्यांनी त्या मूळ प्रतिमा घडविल्या, त्यांनी एवढा प्रामाणिकपणा क्वचितच दाखविला. स्त्रीच्या भूमिकांची यादी वाढवून तिचा सन्मान होत नाही. कोणती भूमिका टाकावयाची, हे ठरविण्याचा अधिकार तिला असला, तरच तो होतो. ही छायाचित्रे त्या अधिकाराची आठवण देतात, हे त्यांचे खरे मोल.