रोबोची पाठ मोकळी असावी

शाळेत नवा रोबो आला की सर्वांचे लक्ष त्याच्या चाकांकडे जाते. तो रेषेवरून चालतो का, अडथळा दिसताच थांबतो का, हे पाहून मुले टाळ्या वाजवतात आणि खरेदी करणारेही समाधान पावतात. आम्ही मात्र आता रोबोची पाठ आधी पाहतो. तिथे आणखी एखादा सर्किट बोर्ड बसवण्याची सोय आहे का? असल्यास तो बोर्ड विद्यार्थ्याला स्वतः तयार करता येईल का? आमच्या मते शैक्षणिक रोबोची खरी परीक्षा इथेच होते.

ही सवय आम्हांला बोदवड तालुक्यातील एका शाळेत लागली. नववीतल्या एका मुलीने मोडक्या खेळण्यातली मोटर काढून तिच्या दोन तारा रोबोच्या रिकाम्या खाचांत खोचल्या. ‘याला पंखा बसवू’ एवढाच तिचा विचार. उन्हाळ्यातल्या बोदवडमध्ये हा विचार कोणालाही सुचेल! मोटर जराशी थरथरली आणि रोबो कायमचा गप्प झाला. त्याचा सूक्ष्मनियंत्रक, म्हणजे आज्ञा पाळणारी मुख्य चिप, जळली होती. ती बोर्डावरच डकवलेली असल्यामुळे जळगावच्या दुकानातही कोणी बदलून देईना. त्यानंतर शाळेतला दुसरा, चालू असलेला रोबोही कपाटात गेला आणि कपाटाला कुलूप लागले. चूक मुलीची होती असे आम्हांला वाटत नाही. चूक आराखड्याची होती.

नेमके काय घडले ते पाहू. अशा रोबोंमध्ये सर्रास आढळणाऱ्या एटीमेगा कुळातील चिपच्या एका पायातून जास्तीत जास्त ४० मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो. याहून अधिक गेला तर चिपला इजा होते. खेळण्यातली मोटर सुरू होताना किंवा अडकली असताना काहीशे मिलिअँपिअर मागते. या दोहोंच्या मध्ये काहीच नव्हते. आता समजा, त्या खाचेला २२० ओहमचा एक रोधक आधीच जोडलेला असता, तर ओहमच्या नियमाने ५ व्होल्ट भागिले २२० ओहम, म्हणजे सुमारे २३ मिलिअँपिअर. दोन तारा थेट एकमेकींना चिकटल्या तरी प्रवाह याच्या पुढे गेला नसता. मोटर फिरली नसती, पण रोबो शाबूत राहिला असता आणि ‘मोटर का फिरली नाही?’ हा उत्तम प्रश्न वर्गाला मिळाला असता. अगदी किरकोळ किमतीच्या रोधकाअभावी हा पाठ बुडाला.

आता आपल्याकडच्या एका नामांकित रोबोकडे वळू. ‘फायर बर्ड ५’ हा रोबो मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रयोगशाळा आणि नेक्स रोबोटिक्स यांनी मिळून घडवला. आय.आय.टी.च्या ‘ई-यंत्र’ उपक्रमातून तो अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत पोचला. त्याच्या रचनेतली सर्वांत चांगली कल्पना म्हणजे मेंदू आणि शरीर वेगळे ठेवणे. चाके, बॅटरी, संवेदक खालच्या मुख्य बोर्डावर. सूक्ष्मनियंत्रक मात्र वर बसणाऱ्या स्वतंत्र बोर्डावर. तो बोर्ड बदलून एटीमेगा २५६०, ८०५१ कुळातली चिप किंवा एआरएम ७ कुळातली चिप, अशा तीन निरनिराळ्या मेंदूंनी तेच शरीर चालवता येते. एकाच गाडीला वेगवेगळे बैल जुंपून पाहावेत तसे हे आहे. तुलनेने शिकवण्याची याहून चांगली संधी क्वचितच मिळते.

तरीही शाळेच्या दृष्टीने आमची एक तक्रार आहे. एटीमेगा २५६० या चिपला १०० पाय असतात आणि रोबोंच्या बोर्डांवर वापरल्या जाणाऱ्या तिच्या प्रकारात दोन पायांमधले अंतर अवघे अर्धा मिलिमीटर असते. शाळेतल्या सोल्डरिंग गनने ते काम होणे नाही. म्हणजे मेंदू बदलता येतो, पण विकत आणूनच. महाविद्यालयाला हे चालेल. गावातल्या शाळेला नाही. याउलट एटीमेगा ३२८ ही छोटी चिप २८ पायांच्या, सॉकेटमध्ये बसणाऱ्या रूपातही मिळते. जळली तर चिमट्याने उचकटून, त्यात आवश्यक प्रोग्रॅम आधीच भरलेली दुसरी चिप लावायची. पाच मिनिटांचे काम. फायर बर्डची कल्पना आणि ही साधी चिप एकत्र आली, तर शाळेला हवा तसा रोबो होईल.

पण साध्या चिपभोवतीही खोडी असतात. इटलीत २००५ साली सुरू झालेला आर्डुइनो हा बोर्ड आज शाळांमध्ये सर्वाधिक परिचयाचा आहे. त्यावर बसणाऱ्या जोडबोर्डांना ‘शील्ड’ म्हणतात. बाजारात मिळणाऱ्या झीरो पीसीबीवरची छिद्रे २.५४ मिलिमीटर अंतरावर असतात. आर्डुइनो उनोचे पायही त्याच अंतरावर आहेत. फक्त सात आणि आठ क्रमांकांच्या पायांमध्ये हे अंतर ४.०६ मिलिमीटर आहे. मुळात ही आराखड्यातली चूक होती. आधीचे जोडबोर्ड निरुपयोगी होऊ नयेत म्हणून ती पुढे तशीच ठेवली गेली. परिणाम असा की, साध्या झीरो पीसीबीवर स्वतःचा जोडबोर्ड करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या पिना त्या ठिकाणी बसतच नाहीत. मुलाला वाटते, आपलेच मोजमाप चुकले.

तेव्हा शाळेसाठी जोडबोर्ड आखताना काय पाहावे? पहिली गोष्ट, तो साध्या झीरो पीसीबीवर बसला पाहिजे. दुसरी, बाहेर येणाऱ्या प्रत्येक पायाला रोधक हवा. तो सर्व संकटे टाळत नाही. बॅटरीची तार थेट पायाला लागली तर चिप जाऊ शकते, हे मुलांना सांगावेच लागते. तिसरी, मोटरसाठी एल २९३ डी सारखी चालक चिप जोडबोर्डावरच असावी. तिच्या प्रत्येक वाटेतून ६०० मिलिअँपिअर जाऊ शकतात आणि तीही सॉकेटमध्ये बसते. चौथी गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. संवेदकाच्या तीन पिनांपैकी विद्युत पुरवठ्याची पिन मधोमध ठेवावी. मग जोडणी उलटी बसली तरी पुरवठा जागेवरच राहतो. संवेदक चालणार नाही, पण सहसा जळणारही नाही. रोबो आणि खेळण्यांतील सर्वो मोटरच्या तारांचा क्रम असाच असतो.

पाचवी गोष्ट आम्हांला खानदेशातल्या उन्हाने शिकवली. काळ्या मातीच्या मैदानावर फक्कीची पांढरी रेषा आखून त्या शाळेने आम्ही नेलेला रोबो चालवून पाहिला. सकाळी तो नीट चालला, दुपारी भरकटला. संवेदक आपल्या दिव्याचा परावर्तित प्रकाश मोजतो. दुपारी त्यात सूर्यप्रकाश मिसळून गेला. उपाय सोपा आहे. दिवा लावून एक वाचन घ्यायचे, दिवा विझवून दुसरे, आणि वजाबाकी करायची. उरतो तो फक्त आपल्या दिव्याचा प्रकाश. मात्र प्रखर उन्हाने संवेदक पूर्ण भरून गेला, तर वजाबाकीतूनही काही हाती लागत नाही. तिथे सावलीचे झाकणच हवे. परंतु दिवा प्रोग्रॅममधून विझवता आला तरच हा प्रयोग शक्य होतो. फायर बर्डमध्ये तशी सोय आहे, ही त्याची आणखी एक जमेची बाजू. अनेक स्वस्त संचांत दिवा कायम जळतच राहतो.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? तयार जोडबोर्ड मिळतात, ते आणावेत. २०१६ पासून नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांसाठी निवडलेल्या शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदानही मिळू लागले. आमचा तयार बोर्डांना विरोध नाही. पण पैसा रोबो आणतो, कपाटाचे कुलूप उघडत नाही. ते कुलूप भीतीचे असते, आणि जळलेला भाग आपल्याला बदलता येतो हे शिक्षकाला ठाऊक असेल तेव्हाच ते निघते.

म्हणून पुढच्या वेळी विक्रेता प्रात्यक्षिक दाखवायला येईल तेव्हा शिक्षकांनी त्याला एकच विनंती करावी: “यातली मुख्य चिप आमच्यासमोर काढून पुन्हा बसवून दाखवा.” त्याला ते जमले नाही, तर ते तुमच्या विद्यार्थ्यांनाही जमणार नाही. बोदवडच्या त्या मुलीला तिचा पंखा अजून बसवायचा आहे.