रुग्ण कल्याण समितीची घटना : राजूर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

सार्वजनिक रुग्णालयाच्या कारभारात त्या रुग्णालयाचा उपयोग करणाऱ्या लोकांचा हात असावा, हे तत्त्व आता कोणी नाकारीत नाही. मतभेद आहे तो हा हात कोठवर पोचावा याविषयी. ह्या विषयावरील शासकीय वाङ्मय चाळले असता 'सहभाग', 'देखरेख', 'सल्ला' आणि 'कल्याण' हे शब्द पानोपानी आढळतात. 'नियंत्रण' हा शब्द मात्र क्वचितच दृष्टीस पडतो. तो ठळकपणे आढळतो तो आरोग्य खात्याच्या कोणत्याही मार्गदर्शिकेत नव्हे, तर अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसंबंधीच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्यात. प्रस्तुत लेखात ह्या दोन प्रकारच्या लेखांमधील अंतर तपासावयाचे आहे, आणि त्यासाठी अकोले तालुक्यातील राजूरइतके सोयीचे ठिकाण अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात दुसरे नाही.

राजूर ही डांगाणाची बाजारपेठ होय. भंडारदरा, रतनवाडी, घाटघर, साम्रद ह्या भागांतील महादेव कोळी आणि ठाकर वस्तीला बाजार, कचेरी आणि दवाखाना ह्या तिन्ही गोष्टींसाठी येथे यावे लागते. अकोल्याचा पश्चिम भाग १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित क्षेत्रात मोडतो, आणि एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही राजूरलाच आहे. परिणाम असा की येथील आरोग्यव्यवस्थेचे धागे तीन निरनिराळ्या ठिकाणी बांधलेले आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे १९६१ च्या अधिनियमाप्रमाणे स्थापन झालेल्या जिल्हा परिषदेकडे. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकामार्फत थेट राज्य शासनाकडे. आणि १९९५ पासूनच्या नवसंजीवनी योजनेतील बराचसा समन्वय आदिवासी विकासाच्या यंत्रणेकडे. घाटघरच्या एका गरोदर स्त्रीची उपकेंद्रातील तपासणी, पाड्यावर येणारे भरारी पथक आणि ग्रामीण रुग्णालयातील बाळंतपण ही त्या स्त्रीच्या दृष्टीने एकच गोष्ट असते. कागदोपत्री तिचे तीन मालक आहेत.

अशा स्थितीत लोकांच्या वतीने बसणारी संस्था कोणती? उत्तर दिले जाते : रुग्ण कल्याण समिती. ह्या समितीचा उगम मराठी वाचकास सर्वस्वी परका नाही. १९९४ साली सुरतेच्या प्लेगच्या भीतीने सर्वत्र घबराट पसरली असता इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयातील उंदीर व घाण हटविण्याची जी मोहीम झाली, तिच्यातून रुग्ण कल्याण समितीची कल्पना निघाली. रुग्णांकडून थोडे शुल्क घ्यावे, ते सरकारी तिजोरीत न पाठविता रुग्णालयातच ठेवावे, आणि त्याचा विनियोग स्थानिक समितीने करावा, असे तिचे स्वरूप होते. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ती देशभर नेली. अभियानाच्या मूळ आराखड्यात ग्रामीण रुग्णालयाच्या दर्जाच्या संस्थेस समितीमार्फत वर्षाला १ लाख रुपये, शिवाय ५० हजारांचा अबंधित निधी आणि देखभालीसाठी आणखी १ लाख अशी तरतूद होती. शुल्काचा भाग महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून, म्हणजे सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाल्यापासून, संपल्यासारखाच आहे. तो संपला हे योग्यच झाले. परंतु त्यामुळे समितीजवळ स्वतःचे म्हणून जे काही होते तेही गेले, आणि ती पूर्णतः वरून येणाऱ्या अनुदानाची वाटपकर्ती उरली, ह्याची नोंद घेतली पाहिजे.

उगमाचा हा वृत्तान्त सांगण्याचे कारण असे की समितीच्या घटनेवर त्याची छाप अद्याप आहे. एका कार्यक्षम प्रशासनाने आपल्या सोयीसाठी निर्माण केलेले ते साधन होते. लोकांनी मागून घेतलेली ती सत्ता नव्हे. म्हणून समितीचे अधिकार भिंतींना रंग, पिण्याच्या पाण्याची सोय, नातेवाइकांसाठी बाकडी, तातडीची औषधखरेदी अशा बाबींभोवती फिरतात. वैद्यकीय अधिकाऱ्याचे रिक्त पद, बदली, भूलतज्ज्ञाची उपलब्धता, रुग्णवाहिकेचा मार्ग, म्हणजे ज्यांच्यावर डांगाणातील माणसाचा जीव अवलंबून असतो अशा सर्व गोष्टी, समितीच्या हद्दीबाहेर राहतात. त्यांविषयी ती ठराव करू शकते. ठरावाचे उत्तर देण्याचे बंधन मात्र कोणावरही नाही.

घटनेतील दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. अध्यक्षपद साधारणतः लोकनियुक्त प्रतिनिधीकडे आणि सदस्य-सचिवपद रुग्णालयाच्या प्रमुखाकडे अशी ही रचना आहे. वरकरणी येथे लोकसत्ता वरचढ दिसते. प्रत्यक्षात बैठक बोलावणारा, विषयपत्रिका लिहिणारा, हिशेब मांडणारा आणि इतिवृत्त ठेवणारा एकच असतो, व तो सचिव असतो. ज्याच्या कामाचा हिशेब घ्यावयाचा त्याच्याच हाती हिशेबाची वही, हा प्रकार आपल्याकडील सहकारी सोसायट्यांच्या अभ्यासकांना नवा वाटणार नाही. ह्यात व्यक्तीचा दोष काढण्याचे प्रयोजन नाही. ओपीडी, शवविच्छेदन आणि न्यायालयातील साक्ष सांभाळून हे कारकुनी काम करणाऱ्या डॉक्टरावर हा भारच आहे. तरीही रचनेचा परिणाम बदलत नाही.

ह्या रचनेची खरी कसोटी २०२२ मध्ये लागली. त्या वर्षीच्या मार्चमध्ये अहमदनगर जिल्हा परिषदेची मुदत संपली, प्रशासक आला, आणि पुढे वर्षानुवर्षे निवडणूक झाली नाही. लोकनियुक्तांच्या जागा रिकाम्या झाल्या. सचिवांच्या जागा भरलेल्याच राहिल्या. समितीतील लोकपक्ष हा निवडणुकीच्या पदाला चिकटवलेला असल्यामुळे पद गेले की पक्षही जातो, ही गोष्ट घटना लिहिणाऱ्यांच्या ध्यानी आलेली दिसत नाही. समाजातून प्रत्यक्ष निवडलेले सदस्य असते तर निदान त्यांचा आवाज शिल्लक राहिला असता.

आता १९९६ च्या कायद्याकडे वळू. त्याच्या चौथ्या कलमात ग्रामसभा आणि योग्य स्तरावरील पंचायत यांना सर्व सामाजिक क्षेत्रांतील संस्था व कर्मचारी यांच्यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार राज्याच्या कायद्याने मिळावा असे म्हटले आहे. शब्द नियंत्रणाचा आहे, आणि संस्थांबरोबर कर्मचाऱ्यांचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. महाराष्ट्राने ह्या विषयाचे नियम २०१४ मध्ये केले, आणि पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून ग्रामसभा भरविण्याची वाट त्यांनी मोकळी केली. पण रुग्ण कल्याण समितीची घटना मुंबईच्या उपनगरात आणि डांगाणात सारखीच आहे. अनुसूचित क्षेत्रातील रुग्णालयासाठी तिच्यात वेगळी ओळ नाही. एकाच भूमीवर दोन लेख लागू आहेत. एक म्हणतो नियंत्रण, दुसरा म्हणतो कल्याण. आणि प्रत्यक्ष व्यवहार दुसऱ्याप्रमाणे चालतो.

ह्या विसंगतीची किंमत काय पडते? २०२५ च्या उन्हाळ्यात राजूर गावात काविळीची साथ पसरली. काविळीची अशी साथ दूषित पाण्यावाटे येते हे सर्वश्रुत आहे. पाणी ग्रामपंचायतीचे, तपासणी प्रयोगशाळेची, रुग्ण रुग्णालयाचे, सर्वेक्षण आरोग्य खात्याचे. दोष कोणाचा, हे ठरविणे ह्या लेखाचे काम नाही. परंतु घटनाशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न असा, की पाण्याची टाकी आणि रुग्णालयातील खाट ही दोन्ही ज्या संस्थेच्या दृष्टीच्या टप्प्यात येतात अशी लोकांची संस्था कोणती? रुग्ण कल्याण समितीची सत्ता आवाराच्या भिंतीशी संपते. गावच्या समितीचे नाव तर 'ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती' असे भरभक्कम आहे. पण मूळ तरतुदीप्रमाणे तिच्याजवळ वर्षाला १० हजार रुपये होते, आणि रुग्णालयाला प्रश्न विचारण्याचा अधिकार तिला नाही. भोर समितीने १९४६ च्या अहवालात गावोगाव पाच ते सात जणांची आरोग्य समिती आणि जिल्ह्यासाठी आरोग्य मंडळ सुचविले होते. खालची कल्पना नावापुरती आली. वरची, जिच्यामुळे सर्व धागे एकत्र आले असते, ती आलीच नाही.

येथे असा आक्षेप घेण्यात येईल की आरोग्य हा तज्ज्ञांचा प्रांत आहे व अल्पशिक्षित सदस्यांस त्यातले काय कळणार? ह्याचे उत्तर ह्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला मिळते. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० मध्ये जे काम आरंभिले, त्यात गावाने निवडलेल्या आणि बहुधा निरक्षर असलेल्या स्त्रियांनी आरोग्यसेविकेचे काम उत्तम रीतीने सांभाळले, आणि शेतकरी मंडळे व महिला मंडळे त्यांच्या पाठीशी उभी राहिली. मात्र जामखेडचे उदाहरण ज्या उत्साहाने दिले जाते तो थोडा आवरला पाहिजे. ती स्वयंसेवी संस्था होती. तिने लोकांचे ऐकले ते आपल्या निष्ठेमुळे. तसे ऐकण्यास कोणताही कायदा तिला भाग पाडीत नव्हता. सार्वजनिक संस्थेचा पाया संचालकांच्या चांगुलपणावर ठेवता येत नाही.

त्यापेक्षा ब्राझीलचा दाखला अधिक उपयोगी वाटतो. तेथील १९९० च्या ८१४२ क्रमांकाच्या कायद्याने आरोग्य परिषदांत निम्म्या जागा सेवा वापरणाऱ्या नागरिकांना दिल्या, परिषदेला केवळ सल्ल्याचा नव्हे तर निर्णयाचा अधिकार दिला, आणि नगरपालिकेला केंद्राचा आरोग्यनिधी हवा असेल तर अशी परिषद असलीच पाहिजे अशी अट घातली. पैशाला घातलेली ही अट मर्माची आहे. परिषद भरली नाही तर निधी अडतो. म्हणून ती भरते. आपल्याकडे समिती भरली नाही तर एक कोरे इतिवृत्त तेवढे वाढते.

महाराष्ट्रातही एक प्रयोग ह्याच्या जवळ गेला होता. २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे व ठाणे ह्या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचे काम सुरू झाले. गावकऱ्यांनी सेवांना हिरवा, पिवळा, लाल असे रंग देऊन प्रगतिपत्रके भरली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना समोरासमोर प्रश्न विचारले. बंद उपकेंद्र उघडणे, बाहेरून औषध आणावयास न लावणे अशा तक्रारींना तेथे तोंड फुटले. पण जनसुनवाई ही सभा आहे, मंडळ नव्हे. ती प्रश्न विचारते आणि उठते. अंदाजपत्रक दुसऱ्याच दालनात मंजूर होते.

राजूरपुरते पाहावयाचे तर कायद्यात नवे कलम घालण्याचीही गरज नाही. ज्या ग्रामसभांचे लोक ह्या रुग्णालयात येतात त्यांनी प्रत्येकी एक सदस्य, त्यांत निम्म्या स्त्रिया, ठरावाने पाठवावा. सचिवाचे काम रुग्णालयाबाहेरच्या व्यक्तीकडे द्यावे. आणि रिक्त पदांविषयीच्या ठरावास ठरावीक मुदतीत लेखी उत्तर देणे जिल्हा शल्यचिकित्सकावर बंधनकारक करावे. एवढे नियमांनी होण्यासारखे आहे. अडचण वेगळीच आहे, आणि ती घटनेच्या मसुद्यात कधीच येत नाही. पावसाळ्यात भाताची लावणी आणि तुटलेले रस्ते. दिवाळीनंतर मजुरीसाठी बागायती मुलखाकडे निघालेली कुटुंबे. अशा लोकांच्या प्रतिनिधीस त्रैमासिक बैठकीला यावयाचे तर एक दिवसाची मजुरी बुडते. अधिकाऱ्यास बैठकीचा प्रवासभत्ता मिळतो. साम्रदच्या सदस्यास तो मिळावा की नाही, हा प्रश्न अद्याप कोणत्याही मार्गदर्शिकेने गंभीरपणे घेतलेला दिसत नाही, आणि बैठक कोणत्या महिन्यात, कोणत्या वारी भरवावी हाही नाही. राजूरच्या बाजाराचा दिवस कोणता हे तेथील प्रत्येकास ठाऊक असूनही.