तीन ग्रंथ, एक प्रश्न : नोएल शेठ यांच्याकडून काय शिकायचं?

निमोण्याहून पुण्याला जाताना नगर रोडवर रामवाडी लागते. तिथं ज्ञानदीप विद्यापीठ आहे. कॅथलिक धर्मगुरूंचं शिक्षण देणाऱ्या या संस्थेचं मूळ १८९३ सालच्या कँडीतल्या सेमिनरीत; १९५५ साली ती पुण्यात आली. फादर नोएल शेठ हे येशूसंघीय अभ्यासक या विद्यापीठाचे अध्यक्ष होते. २०१७ साली ते गेले. त्यांच्याबद्दलचं लेखन बहुधा पदांची यादी करून थांबतं. संशोधन करू पाहणाऱ्याला त्यातून काय मिळणार? म्हणून मी त्यांच्या कामाकडे वळतो.

शेठ संस्कृतचे पंडित. हार्वर्डमध्ये त्यांनी कृष्णाच्या दिव्यत्वावर पीएचडी केली. 'द डिव्हिनिटी ऑफ कृष्ण' हे पुस्तक १९८४ साली आलं. त्याची मांडणी बघा. ग्रंथ तीनच : हरिवंश, विष्णुपुराण, भागवत. प्रश्न एकच : कृष्णाचं देवपण या तिन्हींत कसं बदलत जातं? तोच प्रसंग तीन ठिकाणी ठेवून फरक टिपायचा. आम्ही प्रयोगशाळेत बाकी सगळं स्थिर ठेवून एकच गोष्ट बदलतो, तसंच हे.

माझ्या पहिल्या आराखड्यात पाच प्रश्न होते. गाइडनी तो परत दिला आणि विचारलं, "यातला तुझा कुठला?" तेव्हा हे पुस्तक हाताशी असतं तर सहा महिने वाचले असते.

आता आक्षेप. पुराणं थराथरानं वाढली. त्यांना एका काळरेषेवर ओळीनं ठेवलं की विकास जरा जास्तच सरळ दिसतो. आलेखावर बिंदू आहेत, पण प्रत्येकाची अनिश्चितता मोठी आहे, हे वाचकानं विसरू नये. दुसरं, आमच्या गावच्या सप्ताहात भेटणारा कृष्ण या तीन पोथ्यांत मावत नाही. पण हा दोष नाही, मर्यादा आहे. आखलेल्या चौकटीबाहेरचं राहिलं ती मर्यादा. चौकटीतलं चुकलं तर दोष. तोंडी परीक्षेत हा फरक सांगता आला पाहिजे.

अवतार आणि ख्रिस्ताचा देहधारण-सिद्धान्त यांची तुलना करणारा त्यांचा लेख २००२ साली आला. अवतार अनेक, देहधारण एकदाच. असे भेदही त्यांनी साम्याइतकेच मांडले. स्वतः धर्मगुरू असून दुसऱ्याचा ग्रंथ त्याच्या मूळ भाषेत वाचायचा, आणि साम्य दिसलं म्हणून फरक पुसायचा नाही. आपल्याला हवं ते उत्तर डेटातून ओढून काढायचा मोह मलाही होतो. तुम्हालाही होईल. तेव्हा स्वतःला विचारा : फरक कुठल्या रकान्यात लिहिलाय?