कात, द्राक्षाची बी आणि दाताचा भराव : 'नैसर्गिक' या विशेषणाची चिकित्सा

दातातील भरावाची पकड वनस्पतींच्या अर्काने वाढविता येते, असे प्रतिपादन गेल्या दोन दशकांतील दंतवैद्यकीय नियतकालिकांतून वारंवार आढळते. द्राक्षाची बी, हिरवा चहा, हळद, डाळिंबाची साल, चीड वृक्षाची साल, काजूच्या टरफलाचे तेल अशी ही यादी वाढतच आहे. या लेखनात खरे विज्ञान आहे आणि त्याबरोबर 'नैसर्गिक' या एका विशेषणावर टाकलेला भाबडा विश्वासही आहे. या दोहोंची गल्लत कोठे होते, हे तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

या तपासणीसाठी उज्जैन हे सोयीचे शहर आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला राजधानी हलविली, तोपर्यंत शिंदेशाहीचे केंद्र येथे होते. त्या काळापासून आलेली मराठी कुटुंबे आजही येथे नांदतात. शासकीय धन्वंतरी आयुर्वेद महाविद्यालय याच शहरात आहे, आणि युनानी शिक्षणासाठी भोपाळ व बऱ्हाणपूर फार दूर नाहीत. फ्रीगंज भागात दंतवैद्यांच्या पाट्या दिसतात, तर गोपाळ मंदिराच्या बाजूच्या जुन्या वस्तीत काष्ठौषधींचा व्यापार चालतो. अशा बाजारात एकाच वस्तूला दोन-तीन नावे असतात. मराठी माणसाचा हिरडा हा हिंदी भाषकाचा हर्रा आणि हकिमांचा हलैला. मराठी मायफळ म्हणजे युनानी नुसख्यातला माजू. (जायफळाशी त्याचा काही संबंध नाही, नवख्या भाषांतरकारांची येथे नेहमी फसगत होते.) आयुर्वेदातील दंतमंजन आणि युनानीतील सुनून यांत हीच तुरट द्रव्ये फिरून फिरून येतात. सुश्रुतसंहितेत दातवणाच्या काड्या चवीप्रमाणे सांगितल्या आहेत. तेथे कडू रसासाठी निंब श्रेष्ठ मानला आहे, तर तुरट रसासाठी खैर.

तुरटपणा हाच या विषयाचा गाभा आहे; पण त्याआधी भराव दाताला चिकटतो कसा, हे पाहणे आवश्यक आहे. पूर्वी दातात 'चांदी भरली' जात असे. पाऱ्याचे ते मिश्रण चिकटत नसे; आत रुंद असा खड्डा कोरून ते अडकविले जाई. आता रंगाने दातासारखा दिसणारा राळेचा भराव रूढ झाला आहे. पाऱ्यासंबंधीच्या २०१३ च्या मिनामाता करारानंतर चांदीचा वापर कमी करण्याकडे जगाचा कल आहे, आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून तिचा वापर अपवाद वगळता बंद केला. म्हणजे चिकटण्याचा प्रश्न हा आता केवळ प्रयोगशाळेतला राहिलेला नाही.

दाताचे वरचे कवच, ज्यास दंतवल्क म्हणतात, ते वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. त्यावर आम्ल लावून सूक्ष्म खाचा पाडल्या की राळ चांगली धरते, हे ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्येच दाखविले. कवचाखालील दंतिनाची गोष्ट वेगळी. त्यात खनिज सुमारे ७० टक्केच. उरलेले पाणी व सेंद्रिय द्रव्य, आणि सेंद्रिय द्रव्यात बहुतांश कोलॅजन हे प्रथिन. सुमारे ३५ ते ३७ टक्क्यांचे फॉस्फोरिक आम्ल पंधरा सेकंद लावले की वरच्या काही मायक्रॉनमधले खनिज निघून जाते आणि कोलॅजनच्या धाग्यांची ओली जाळी उघडी पडते. या जाळीत राळ मुरून दोहोंचा मिळून एक थर होतो, हे नाकाबायाशी व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखविले. अडचण अशी की, राळ तळापर्यंत पोहोचत नाही. तळाशी काही धागे उघडेच राहतात, आणि दंतिनातच सुप्त असलेली विकरे त्यांना हळूहळू खाऊन टाकतात. पॅशली व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये केलेला प्रयोग या बाबतीत निर्णायक मानला जातो. खनिज काढलेले दंतिन त्यांनी जंतुविरहित कृत्रिम लाळेत २५० दिवस ठेवले. जंतू नसतानाही कोलॅजन नाहीसे झाले. विकरांना रोखणारी द्रव्ये घातलेल्या नमुन्यांत मात्र ते टिकले. भराव काही वर्षांत सैल का होतो, कडेने पुन्हा कीड का लागते, याचे एक कारण या प्रयोगाने समोर आणले.

वनस्पतींचा प्रवेश येथे होतो, आणि तो मुळीच नवा नाही. कोलॅजनचे धागे आडव्या दुव्यांनी बांधून कुजण्यापासून वाचविणे या क्रियेला मराठीत 'कातडे कमावणे' म्हणतात, अरबी-फारसीतून उर्दूत आलेला शब्द 'दबागत'. जनावराच्या कातड्यातले कोलॅजन आणि दंतिनातले कोलॅजन हे एकाच प्रकारचे, पहिल्या प्रकारचे, असते. कोल्हापुरी चपलेचे कातडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावले जाते. त्यातील टॅनिने धाग्यांना धरून ठेवतात. शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात बेद्रान-रूसो आणि सहकाऱ्यांनी २००७ च्या सुमारास द्राक्षबीजातील प्रोअँथोसायनिडिने दंतिनावर वापरली, तेव्हा तत्त्वतः त्यांनी दातच कमावला. दंतिन अधिक ताठ झाले, ताण अधिक सोसू लागले आणि विकरांना दाद देईनासे झाले. ग्लुटराल्डिहाइड हे रसायनही हेच काम करते. पण ते विषारी आहे, म्हणून वनस्पतीचा पर्याय आकर्षक ठरला.

भाषेच्या अध्यापकाला यात एक गंमत सापडेल. प्रोअँथोसायनिडिनांची साखळी ज्या कड्यांची बनते त्यांस कॅटेचिन म्हणतात. हिरव्या चहातील गाजलेले द्रव्यही त्याच कुळातले. हे नाव 'कॅटेचू'वरून आले, आणि कॅटेचू म्हणजे आपल्या विड्यातला कात, खैराच्या लाकडापासून काढलेला. एकोणिसाव्या शतकात युरोपीय रसायनशास्त्रज्ञांनी हे द्रव्य त्यातून वेगळे केले. कोकण-रायगडच्या कातकरी जमातीचे नावही याच धंद्यावरून पडले. शिकागोच्या संशोधकांनी द्राक्षाच्या बीमध्ये जे शोधले, त्याचे नामकरण आधीच खैराच्या भट्टीत झालेले होते. यावरून 'हे सर्व आपल्या पूर्वजांना ठाऊक होते' असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. सुश्रुताला तुरट रसाचे गुण माहीत होते. राळेचा भराव, आम्ल आणि कोलॅजनची जाळी हा प्रश्नच त्याच्यासमोर नव्हता. उत्तर आधी आणि प्रश्न नंतर अशी मांडणी गौरवपर लेखांत चालून जाते, संशोधनपर लेखात ती चालत नाही.

आता या प्रयोगांची परीक्षा. आरंभीच्या अनेक प्रयोगांत अर्क दहा मिनिटे किंवा त्याहून अधिक काळ दंतिनावर ठेवला जाई. लाळ सुटत असलेल्या, तोंड उघडून बसलेल्या रुग्णाच्या दाढेवर दहा मिनिटे कोरडे क्षेत्र राखणे किती अवघड, हे खुर्चीशेजारी उभ्या असलेल्या दंतवैद्यालाच विचारावे. पुढे एका मिनिटावर आणि त्याहूनही कमी वेळावर प्रयोग झाले, ही दिशा योग्यच होती. दुसरी अडचण रंगाची आहे. कात हात रंगवतो तसा हा अर्क दंतिनास तपकिरी करतो. मागच्या दाढेत ते खपेल, समोरच्या दातात खपणार नाही. तिसरी अधिक सूक्ष्म आहे. ही द्रव्ये मुक्त मूलकांना शोषून घेतात, याच गुणासाठी त्यांची जाहिरात होते. पण राळ घट्ट होते ती मुक्त मूलकांच्याच साहाय्याने. म्हणून अर्क थेट चिकटद्रव्यात मिसळला आणि प्रमाण वाढले, तर राळच अर्धीकच्ची राहू शकते. जो गुण, तोच दोष. उलट, दात पांढरे करण्याच्या उपचारानंतर मागे राहिलेला ऑक्सिजन पकड कमी करतो, तेथे हाच गुण उपयोगी पडतो. चेन्नई येथील संशोधकांनी २०११ मध्ये 'ऑपरेटिव्ह डेंटिस्ट्री'मध्ये द्राक्षबीज अर्काचा असा वापर मांडला. हा उपयोग मर्यादित आहे आणि म्हणूनच अधिक विश्वासार्ह वाटतो.

'द्राक्षबीज अर्क' ही एक वस्तू नव्हे, याचाही अनेकांना विसर पडतो. द्राक्षाची जात, अर्क काढण्याची रीत, साखळ्यांची लांबी यांनुसार त्यातील घटक बदलतात. महाराष्ट्रातील खाण्याची बहुतेक द्राक्षे तर बिनबियांचीच. बी मिळायची ती वाइनच्या द्राक्षांतून. २०१४ मध्ये 'डेंटल मटेरियल्स'मधील आढाव्यात बेद्रान-रूसो आणि सहकाऱ्यांनी अर्कातील नेमके रेणू ओळखण्यावर भर दिला, तो याच कारणाने. ज्या प्रबंधात केवळ वनस्पतीचे नाव आणि टक्केवारी असते, पण घटकांचे प्रमाण नसते, तो प्रयोग दुसऱ्या कोणाला पुन्हा करता येत नाही. मार्गदर्शक आणि परीक्षक यांनी येथेच थांबून विचारायला हवे. शिवाय असे बहुतेक प्रयोग काढलेल्या दातांवर होतात; पकड २४ तासांनी किंवा काही महिन्यांनी मोजली जाते. तोंडातील चाचण्या थोड्या आहेत आणि प्रयोगशाळेइतका ठळक लाभ त्यांत दिसलेला नाही. मधल्या काळात कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडणारी, दंतिनावर वेगळे आम्ल न लावता वापरता येणारी चिकटद्रव्ये प्रचारात आली. तेथे कोलॅजन इतके उघडे पडतच नाही. अर्काचे प्रयोग जुन्याच पद्धतीवर करून मोठा लाभ दाखविणे हे काहीसे सोपे यश होय.

सर्वांत गंभीर मुद्दा सुपारीचा आहे, आणि वनस्पतीच्या अर्कांचे गुणगान करणाऱ्या लेखांत तो क्वचितच येतो. सुपारीतही टॅनिने आणि कॅटेचिने विपुल असतात. १९८७ मध्ये स्कट व सहकाऱ्यांनी 'एक्स्पेरिएन्शिया'मध्ये दाखविले की, सुपारीचा अर्क किंवा शुद्ध कॅटेचिन लावलेले कोलॅजन विकरांना दाद देत नाही. द्राक्षबीजाने दंतिनात जे घडते, तेच येथे घडले. पण तोंडाच्या मऊ अस्तरात कोलॅजन झिजत राहणे आणि नवे तयार होणे हेच आरोग्य असते. तेथे ते कमावले गेले, आणि सुपारीतील अल्कलॉइडांनी त्याची निर्मितीही वाढविली, की गाल ताठ होतात, तोंड आखडते, तिखट सोसत नाही. काहींना पुढे कर्करोगही होतो. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी घातली, महाराष्ट्राने त्याच वर्षी जुलैत. साधी सुपारी मात्र त्या बंदीबाहेर राहिली. सुपारीही झाडावरच येते, आणि कातही. रेणू, स्थान आणि मात्रा ही तीन माहिती दिल्याशिवाय 'नैसर्गिक' हा शब्द दंतवैद्यकात काहीच सांगत नाही.

या विकाराच्या वाढलेल्या अवस्थेत रुग्णाच्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये जेमतेम एक-दोन बोटे मावतात. कोरण्याचे यंत्र मागच्या दाढेपर्यंत जात नाही, आणि भराव कोणत्या चिकटद्रव्याने बसवावा हा प्रश्नच त्या खुर्चीत उद्भवत नाही.